सोने धुणाऱ्या खोऱ्यातील दोन मुले : एका किशोर कादंबरीच्या लेखनाच्या नोंदी

९ जून

शाळा उघडायला आठवडा उरला असताना आज कादंबरीचे पहिले पान लिहिले. विषय ठरलेला आहे: कॅलिफोर्नियातील सोन्याची धावपळ, गुलामगिरी चालू असलेल्या मिसुरी राज्यातून तिथे आणलेला बारा वर्षांचा गुलाम मुलगा आयझॅक आणि त्याच्या मालकाचा त्याच वयाचा मुलगा विल. ही दोन्ही पात्रे माझ्या कल्पनेतील असली, तरी काळ, कायदे आणि जागा खऱ्या ठेवायच्या आहेत. कादंबरीचे बीज गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात पडले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, असे मी सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “बाई, त्या गुलामांना मित्र असायचे का?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले.

बेत असा आहे की, बारा प्रकरणांचा कच्चा खर्डा दिवाळीपूर्वी व्हावा आणि त्यासाठी रोज रात्री दीड तास बसावे. परक्या देशाचा इतिहास मुलांसाठी गोष्टीरूपाने लिहू पाहणाऱ्या कोणालाही माझ्या चुका आयत्या मिळाव्यात, एवढ्यासाठी या नोंदी ठेवते आहे.

२३ जून

तीन प्रकरणे झाली आणि तिन्ही पुन्हा उघडावी लागली. पहिली चूक ‘खाण’ या शब्दाची होती. आपल्याकडे खाण म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर कोलारसारखे खोल विवर, दिवे आणि पाळणे येतात. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल याला कोलोमा येथे अमेरिकन नदीकाठच्या लाकूड गिरणीच्या पाटात जे सोने दिसले, ते वाहत्या पाण्याने आणून टाकलेले सोने होते, आणि पुढच्या काही वर्षांत लाखभराहून अधिक माणसे जिथे धावली, तिथे बहुतेकांचे काम नदीतली वाळू धुण्याचे होते. माझ्या खर्ड्यात ‘खाण’ हा शब्द एकेचाळीस ठिकाणी होता. तो काढून ‘धुवण’ घातला. वाक्ये आखूड झाली आणि मुलांचे पाय एकदाचे पाण्यात आले.

दुसरी चूक प्रवासाची. मिसुरीहून कॅलिफोर्नियापर्यंतच्या सुमारे ३,२०० किलोमीटरच्या वाटेवर मी दोन्ही मुलांना बैलगाडीत बसवून आणले होते, कारण मला आपली जत्रेची गाडी ठाऊक. त्या गाड्या सामानाने भरलेल्या असत. बैल हाकणारासुद्धा शेजारून चालत असे आणि चार ते सहा महिने बहुतेक माणसे पायीच चालत. दोन्ही मुलांना गाडीतून उतरवले. त्यात माझा एक लाडका प्रसंग गेला, पण त्याऐवजी विलच्या पायात बूट आहेत आणि आयझॅकच्या पायात नाहीत, एवढे एकच वाक्य आले आणि ते पुरले.

७ जुलै

सोने धुण्याची क्रिया मी चित्रे पाहून लिहिली होती. वाचून दाखवली तेव्हा माझ्याच बहिणीने विचारले की, हा मुलगा तांदूळ धुतो आहे की काय. तिचे म्हणणे खरे होते, म्हणून आज कोल्हापूरच्या गुजरीत गेले. सराफांच्या दुकानांतला केर, उंबऱ्यापाशी साचलेली धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापैकी एका मावशींनी बोळाच्या तोंडाशी बसून मला तासभर ते काम दाखवले.

त्यांनी घमेल्यात गाळ घेतला, वर पाणी ओतले आणि हाताने ढवळून गढूळ पाणी सोडून दिले. हे सात-आठ वेळा झाले. मग घमेले आपल्या अंगाकडे किंचित उचलून त्यांनी त्याला मनगटातून असा हिसका दिला की, हलकी माती पाण्याबरोबर कडेवरून निघून गेली आणि तळाच्या वळणाशी बोटभर लांबीची काळपट रेघ उरली. “बाई, घाई केली की सोनं गटारात,” असे म्हणून त्यांनी त्या रेघेवरून कापडात गुंडाळलेला चुंबक फिरवला, तेव्हा लोखंडाचा कीस त्याला चिकटून वर आला. पुढे पारा घालून, तो कापडातून पिळून, उरलेली गोळी तापवायची असते; तो भाग त्यांनी तोंडीच सांगितला आणि त्या धुराने दिराची प्रकृती कायमची बिघडल्याचेही सांगितले.

माझ्या दोन पानांची किंमत तिथेच कळली. कॅलिफोर्नियातही तळाला जड काळी वाळूच उरत असे आणि तिच्यातला बारीक कण पकडायला तिथेही पाराच वापरीत. तो सॅन होजेजवळच्या न्यू आल्माडेन येथून येई. मी मात्र आयझॅकला पहिल्याच घमेल्यात हरभऱ्याएवढे चार खडे मिळवून दिले होते. आता त्याला पहिल्या दिवशी काळी रेघ मिळते आणि तिच्यात सोने आहे हे त्याला ओळखता येत नाही. मराठीत ‘झारेकरी’ हा शब्द असताना मी ‘सोने गाळणारा’ असे तीन आठवडे लिहीत होते, याचीही इथे नोंद करून ठेवते.

लाकडी पेटी पाळण्यासारखी डोलवून वाळू गाळण्याचे जे साधन होते, त्याला तिथले लोकही पाळणाच म्हणत. हा एक शब्द फुकट मिळाला.

२५ जुलै

पंचगंगेला पूर आल्याने शाळेला सुट्टी आहे आणि वीज दुपारपासून नाही. मेणबत्तीच्या उजेडात आज फक्त हिशेब केले आणि पाचवे प्रकरण त्यांनीच कोसळले.

पाचव्या प्रकरणात आयझॅक रविवारी, मालकाच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःसाठी धुवण करतो आणि एका हंगामात सुटकेचे पैसे जमवतो. रविवारी किंवा रात्री स्वतःसाठी काम करण्याची मुभा काही गुलामांना खरोखर मिळत असे, तेव्हा कल्पना चुकीची नव्हती. चुकले ते मोजमाप. मिसुरीहून १८४९ साली मालकाबरोबर आलेले आल्विन कॉफी यांनी पुढे स्वतःच्या सुटकेसाठी जी रक्कम भरली ती १,००० डॉलर होती. धुवणीच्या गावांत सोन्याच्या भुकटीचा एक औंस साधारण १६ डॉलरला धरला जाई. म्हणजे साडेबासष्ट औंस. हा औंस ३१.१ ग्रॅमचा, त्यामुळे वजन १,९४४ ग्रॅम. आजच्या सराफी व्यवहारातला १० ग्रॅमचा तोळा घेऊन मी आधी १९४ तोळे लिहिले; जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा असल्याने खरा आकडा १६७ तोळ्यांच्या आसपास येतो. पिशवी मुठीत मावेल, पण ती जवळजवळ दोन किलोची असेल. माझा आयझॅक ती हवेत उडवून झेलत होता! पिठाचा दोन किलोचा पुडा भाच्याच्या हातात देऊन पाहिला. त्याने तो लगेच खाली ठेवला.

याहून वाईट हिशेब पुढे आहे. रविवारी दोन डॉलरची कमाई धरली तर हजार डॉलरला ५०० रविवार लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षे. मुलाने एका उन्हाळ्यात स्वतःला सोडवले, हे मुलांना किती आवडले असते ते मला ठाऊक आहे. तरी ते खोटे आहे. कॉफी यांचा अनुभव तर याच्याही पलीकडचा: त्यांनी मालकासाठी सोने काढले, फावल्या वेळात स्वतःसाठीही कमावले, मालकाने दोन्ही घेतले, त्यांना मिसुरीला परत नेले आणि तिथे विकले. पुढे नव्या मालकाशी किंमत ठरवून ते पुन्हा कॅलिफोर्नियात आले आणि तेव्हा कुठे सुटले. एवढे ठाऊक झाल्यावर पाचवे प्रकरण अठरा पानांसकट बाजूला ठेवले.

४ ऑगस्ट

आज कथानक पुढे गेले नाही, फक्त संबोधने दुरुस्त केली. ज्येष्ठ गुलाम सॅम्युअल याला विल ‘अंकल’ म्हणतो आणि मी ते सरळ ‘काका’ असे केले होते. मराठी वाचकाला त्यातून माया जाणवते. प्रत्यक्षात, गोऱ्या माणसाला लावतात तसे आदराचे ‘मिस्टर’ लावावे लागू नये म्हणून वयस्क गुलामांना ‘अंकल’ म्हणण्याची रीत होती. आता बारा वर्षांचा विल साठीच्या सॅम्युअलला नुसत्या नावाने, ‘अरे’ म्हणून हाक मारतो. गावात वतनदाराच्या पोराने म्हाताऱ्या गड्याला अरे-तुरे केलेले ज्यांच्या घरात आजही आठवते, त्यांना वेगळे काही सांगावे लागणार नाही. ‘काका’ हा शब्द फक्त आयझॅकच्या तोंडी ठेवला आहे.

‘गुलाम’ ऐवजी पेशवाईतला ‘बटीक’ किंवा ‘कुणबीण’ घेऊन पाहिला, पण ते शब्द बायकांचे आणि आपल्या वाड्यांचे आहेत. ‘वेठबिगार’ तर अगदीच चालणार नाही, कारण माणूस विकत घेण्याची गोष्ट त्यात येत नाही. गुलाम हाच शब्द राहिला.

१८ ऑगस्ट

सहावी-सातवीच्या अकरा मुलांना शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून सहा प्रकरणे वाचून दाखवली. झेरॉक्सचे ७४० रुपये आणि वडापावचे २२० रुपये खर्च झाले. वडापावपर्यंत सगळे ठीक होते. मग एका मुलाने विचारले, “बाई, तुम्हीच लिहिलंय की कॅलिफोर्नियात गुलामगिरीला बंदी होती. मग आयझॅक सरळ निघून का जात नाही?”

तो प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला एकदाही पडला नव्हता. मॉन्टेरे येथे १८४९ सालच्या ऑक्टोबरमध्ये संमत झालेल्या राज्यघटनेत गुलामगिरीला मनाई आहे, हे मी पहिल्या प्रकरणात अभिमानाने लिहिले आणि पुढे सहाही प्रकरणांत मालक आयझॅककडून बिनदिक्कत काम करवून घेत होता. मुलांना ती लेखिकेची चूक वाटली आणि त्यांचे बरोबरच होते, कारण बंदी असताना गुलामगिरी कशी चालली हीच कादंबरीची गोष्ट असायला हवी होती आणि मी ती पार्श्वभूमीत ढकलून मैत्रीची गोड गोष्ट लिहीत बसले होते.

१ सप्टेंबर

दोन आठवडे लेखन बंद ठेवून कायदे वाचले. जे हाती आले त्यातून आयझॅक का पळत नाही याची तीन उत्तरे तयार झाली. त्याची आई आणि धाकटी बहीण मिसुरीत त्याच मालकाच्या ताब्यात आहेत. घटनेत बंदी असली तरी ती अमलात आणणारी यंत्रणा जवळपास नव्हती आणि न्यायाधीश, आमदार यांत दक्षिणेकडून, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यांतून, आलेले बरेच होते. तिसरे उत्तर कथेच्या सर्वांत कामाचे ठरले: १८५० च्या कायद्याने काळ्या माणसाला, मिश्र वंशाच्या माणसाला आणि मूळ रहिवाशाला गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याची परवानगीच नव्हती. आयझॅकवर काहीही गुदरले तरी तो स्वतः ते न्यायालयात सांगू शकत नाही.

म्हणजे विलची साक्ष! मैत्रीला कथेत खरे काम मिळाले म्हणून मी त्या रात्री एक वाजेपर्यंत लिहीत बसले. मालकाने सॅम्युअलला आणि आयझॅकला ‘दोन वर्षे सोने काढा, मग मुक्त’ असा कागद लिहून दिला, सही होताना विल तिथे होता, पुढे मालक कागद जाळतो आणि मुलगा बापाविरुद्ध उभा राहून साक्ष देतो.  

१५ सप्टेंबर

गेल्या पंधरा दिवसांत त्या साक्षीची सत्तर पाने झाली होती. ती सगळी गेली.

कॅलिफोर्निया ९ सप्टेंबर १८५० रोजी संघराज्यात दाखल झाले. १८५२ साली तिथल्या विधिमंडळाने असा कायदा केला की, राज्य होण्यापूर्वी आणलेल्या गुलामांना मालक पळपुटे म्हणून पकडून परत नेऊ शकेल. त्याच वर्षीचा पर्किन्स खटला मी नावापुरता ऐकला होता. आज नीट वाचला. कार्टर पर्किन्स, रॉबर्ट पर्किन्स आणि सँडी जोन्स या तिघांना मिसिसिपीच्या एका मालकाने १८४९ साली आणले होते. मालक परत गेला, हे तिघे ठरल्याप्रमाणे राबले, मोकळे झाले आणि ओफिर भागात खेचरांची गाडी घेऊन मालवाहतुकीचा स्वतःचा धंदा करू लागले. नवा कायदा होताच त्यांना रात्री झोपडीतून उचलण्यात आले. त्यांना मुक्ततेचे वचन मिळालेले होते, त्यांचा धंदा चांगला चालला होता, त्यांच्या बाजूने वकील उभे होते, आणि तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला.

तीन प्रौढ माणसांच्या बाबतीत जे झाले नाही, ते तेरा वर्षांच्या विलच्या साक्षीने त्याच वर्षी झाले, असे लिहिले असते तर ती फसवणूक ठरली असती. शिवाय माझ्या खर्ड्यात आयझॅक १८५१ साली येतो, म्हणजे तो या कायद्याच्या कक्षेतच येत नाही! त्याचे आगमन १८४९ मध्ये नेले. त्यामुळे दोघांची वये दहापासून सुरू झाली, आणि विलच्या तोंडची अर्धी वाक्ये त्या वयाला मोठी झाली. पंधरा दिवस आणि एक रिम कागद फुकट गेला. कोणाला असे काही लिहायचे असेल तर एवढेच सांगते की, न्यायालयाचा प्रसंग लिहिण्यापूर्वी त्या वर्षीचा निकाल पाहावा.

२९ सप्टेंबर

एक राहिलेली गोष्ट. पहिल्या खर्ड्यात खोरे रिकामे होते: झाडे, नदी, सोने. कोलोमाच्या भागात निसेनान लोक राहत होते, आणि ज्याच्या गिरणीत सोने सापडले त्या सटरच्या शेतांवर मूळ रहिवाशांकडून सक्तीने काम करून घेतले जात होते. १८५० साली ‘संरक्षणाच्या’ नावाखाली झालेल्या कायद्याने गोऱ्या माणसाला मूळ रहिवाशांची मुले, दंडाधिकाऱ्यासमोर नोंद करून, मुलगे अठरा आणि मुली पंधरा वर्षांच्या होईपर्यंत कामाला ठेवता येत. त्यातून मुले पळवून विकण्याचा धंदाच उभा राहिला. विलच्या घरी अशी एक मुलगी आणली. घरातले तिला मेरी म्हणतात. आयझॅक तिला खरे नाव विचारतो आणि ती सांगत नाही. हा प्रसंग एका पानाचा आहे आणि तो वाढवण्याचा मोह मी तीनदा आवरला.

१३ ऑक्टोबर

चित्रकाराला आठ चित्रांचे प्रत्येकी २,५०० रुपये ठरले आहेत. आलेल्या पाचपैकी तीन चित्रांत सगळे जण तांब्याच्या रिव्हेट असलेल्या जीन्स घालून उभे आहेत. रिव्हेट लावलेल्या विजारींचे पेटंट १८७३ सालचे, म्हणजे माझ्या कथेनंतर वीस वर्षांनी. चूक माझीही आहे, कारण मी त्यांना कपड्यांविषयी एक ओळसुद्धा दिली नव्हती. तीन चित्रांच्या दुरुस्तीचे ४,५०० रुपये वेगळे द्यावे लागले.

६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. फराळाचे बहिणीवर सोपवून दहा दिवसांत शेवटची चार प्रकरणे पुन्हा लिहिली. विल आता कोणालाही सोडवत नाही. १८५२ च्या उन्हाळ्यात बाप आणि त्याचा भाऊ तंबूत बोलत असताना तो ऐकतो की, उद्या सकाळी दोघांना पकडून सॅक्रामेंटोला न्यायचे आहे. त्याला बापाची भीती आहे, म्हणून तो अर्धी रात्र अंथरुणात पडून राहतो आणि मग अनवाणी जाऊन आयझॅकला उठवतो. तोवर सॅम्युअलला निघण्याइतका वेळ उरलेला नसतो. ही उशिराची अर्धी रात्र लिहायला मला चार दिवस लागले. विलला शूर केले की प्रसंग खोटा होई आणि भ्याड केले की मुले त्याच्यावर चिडून पुस्तक मिटतील अशी भीती वाटे.

आयझॅकला सॅक्रामेंटोतील मुक्त काळ्या लोकांच्या घरांत आसरा मिळतो. अशी मदत करणारी वस्ती तिथे खरोखर होती. त्याच शहरात १८५५ साली राज्यातील काळ्या नागरिकांची पहिली परिषद भरली आणि साक्षीचा हक्क ही तिची मुख्य मागणी होती. तो हक्क १८६३ साली मिळाला. पकडून नेण्याचा कायदा दोनदा मुदतवाढ मिळून १८५५ साली संपला, म्हणून शेवटचे प्रकरण त्या वर्षात ठेवले: दोघेही सोळा वर्षांचे, तीन वर्षांनी, एका घाटावर भेटतात.

१७ नोव्हेंबर

दुसरे वाचन झाले. मुले नऊच आली. ‘निघून का जात नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्याने या वेळी विलला ‘बावळट’ म्हटले, पण पुढचे प्रकरण आजच वाचा असा आग्रहही त्यानेच धरला. ज्या मुलीच्या प्रश्नातून हे सुरू झाले ती आता आठवीत आहे. तिला मुद्दाम प्रत दिली होती. तिने पेन्सिलीने एकच शब्द गोल केला आहे: ‘आपला’. विल दुसऱ्या प्रकरणापासून ‘आपला आयझॅक’ म्हणतो. तिने समासात लिहिले आहे, “बाई, आपला म्हणजे मित्र की मालकीचा?”

सगळा खर्डा धुंडाळला. दुसऱ्या प्रकरणात तो शब्द तसाच ठेवला, कारण तिथे विलला दोन्हींतला फरक ठाऊक नाही. बाराव्या प्रकरणात तो चार वेळा होता; तीन काढले. चौथा आयझॅकच्या तोंडी गेला आहे: घाटावर तो विलला विचारतो, आपला पाळणा अजून आहे का. विल सांगतो की, तो पहिल्याच थंडीत जाळण्यासाठी फोडला.

प्रत उद्या मुद्रितशोधनाला जाईल. औंस आणि तोळ्यांचा हिशेब शेवटी अर्ध्या पानात द्यायचा की प्रकरणातच, हे अजून ठरायचे आहे.